साल पुढचं घाला

आप्पा आधी डोळे मिटायचे. मग उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायचे आणि शेवटी एकच डोळा उघडून मला विचारायचे, "किती सालं पुढं ढकलूया?"

हा प्रश्न मला दर श्रावणात ऐकायला मिळे. कोल्हापुरात माझा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या राहत्या घराचीच पुढची खोली. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले आणि दाराला आवाज अडवायला जुनी वाकळ. वर्षभर भक्तिगीतं, निवडणुकीच्या घोषणा, कुणाच्या एकसष्टीची भाषणं असं किरकोळ काम चालायचं. श्रावण लागला की मात्र गणेश मंडळांची रीघ लागे. तुम्ही आमच्या भागातले असाल तर सजीव देखावे पाहिलेच असतील. मांडवात माणसं हातवारे करतात, ओठ हलवतात, आणि आवाज सगळा कॅसेटवरचा. दर पंधरा मिनिटांनी पुन्हा पहिल्यापासून, असं दहा दिवस. त्या कॅसेटी आम्ही भरायचो. राक्षसाचं हसणं, विजेचा कडकडाट, करवंट्यांवर वाजवलेल्या घोड्यांच्या टापा, सगळं माझ्याकडे तयार असायचं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आप्पा माझ्याकडे पहिल्यांदा आले, आणि त्यांना यातलं काहीच नको होतं.

हातकणंगल्याजवळच्या एका गावात ते ग्रामपंचायतीचे क्लार्क होते. घराणं लिंगायत, भावांचं दुकान, शेती. आप्पांना मात्र कागदाचा नाद. पांढरा सदरा, खिशाला निळ्या शाईचा कायमचा डाग. संहिता लिहायचे ती पंचायतीच्या जुन्या फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजूला, आणि अक्षर असं, की एक काना खोडलेला दिसणार नाही. जन्म-मृत्यूच्या नोंदी त्यांच्याकडे असत. त्या रजिस्टरात खाडाखोड चालत नाही, त्यामुळे हाताला तेच वळण लागलं होतं.

पहिल्या वर्षी त्यांनी आणलं ते एका चांगल्या गावाचं चित्र होतं. साल दोन हजार दहा. त्या गावात एकच पाणवठा, एकच पंगत, एकच स्मशान. दोघांचं भांडण झालं तर शिक्षा एवढीच, की चावडीपुढं दोघांनी एका ताटात जेवायचं. मी सगळं ऐकून घेतलं आणि सवयीने विचारलं, "आप्पा, यात राक्षस कुठाय?"

"त्यो मांडवाच्या म्होरं हुबा ऱ्हाणार की, बगायला," आप्पा म्हणाले.

त्यांच्या गावच्या मंडळाच्या अध्यक्षांना पंगत चालली, स्मशान चाललं नाही. सणासुदीत मेल्यावरचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. ते वाक्य गेलं. मग पाणवठ्याला कुणीतरी हरकत घेतली, तो गेला. असं करता करता गावात झाडं, संडास आणि लेझीम खेळणारी मुलं एवढंच उरलं. आप्पांनी वाद घातला नाही. चांगलं गाव दाखवलं की बघणारा एकदा तरी मान वळवून आपल्या गावाकडे बघतो, तेवढं झालं तरी पुष्कळ, असं ते मला समजावत होते. त्या वर्षी कुणी मान वळवली की नाही ठाऊक नाही. पण कबनूरकडच्या एका प्लॉट विकणाऱ्याने माझ्याकडून त्या कॅसेटची कॉपी नेली आणि रिक्षावर कर्णा बांधून गावोगाव वाजवली. असं गाव, सुलभ हप्त्यांत. आप्पा हौसेने तिथे चौकशीला गेले. परतताना स्टुडिओत डोकावले आणि म्हणाले, "जागा झकास हाय. पण आत घ्यायच्या आदी जात इचारत्यात."

पुढच्या वर्षापासून त्यांनी चांगली गावं लिहिणं बंद केलं.

त्यानंतरचं गाव वाईट होतं. साल दोन हजार तीस. नदी काळी झालेली, पाणी बाटलीतून विकत. घरी पाहुणे आले तर यजमान कुलूप काढून अर्धा पेला देतो. लग्न ठरतं तेव्हा मुलीचा बाप हुंड्यात किती घागरी पाणी देणार यावर बैठक मोडते. वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. मांडवात लोक पोट धरधरून हसले. पाणी विकत, ही कल्पनाच त्यांना भारी वाटली. एवढी वाटली, की तालुक्याच्या स्पर्धेत या देखाव्याला विनोदी गटात पहिला नंबर मिळाला. आप्पा ती ढाल पिशवीत घालून माझ्याकडे आले. ढालीवरचा 'विनोदी' हा शब्द त्यांनी मला दाखवला आणि पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवला.

चार-पाच वर्षांत एसटी स्टँडवर पाण्याच्या बाटल्या लटकल्या. मी आप्पांची चेष्टा केली. म्हणालो, आप्पा, तुमचं साल चुकलं, फारच लांबचं घातलंत.

"साल कुटं चुकलं?" ते म्हणाले. "साल म्हंजे पडदा असतोय निस्ता. मी पुढचं कवाच सांगत न्हाय. आज हाय तेच सांगतो. पण आजचं म्हणून सांगितलं तर मारायला उठत्यात. साल पुढचं घाला, मग तीच लोकं गप बसून ऐकत्यात."

मला हे फार पटलं. इतकं, की दोन-चार ठिकाणी मी ते स्वतःचं म्हणून सांगितलंसुद्धा. पुढच्या वर्षांत त्यांनी बरीच गावं रचली. एका गावात सगळेच पुढारी झालेले असतात, आणि भाषण ऐकायला माणूस उरला नाही म्हणून बुजगावणी उभी करतात. एका गावात म्हाताऱ्यांना गुरांच्या कांजीहाउसात ठेवतात आणि मुलं सणाला दंड भरून सोडवून आणतात. लोक दर वर्षी बघायचे, बरं होतं म्हणायचे, आणि वडापाव खाऊन घरी जायचे. आप्पा तरीही दर श्रावणात नवा फॉर्म घेऊन हजर. त्यांच्या ठायी ही एवढी चिकाटी कुठून आली होती कोण जाणे. त्या काळात मला ती कौतुकाची वाटे.

नव्या शतकाची पहिली एक-दोन वर्षं होती. आप्पा लवकर आले, श्रावण लागायच्या आधीच. खुर्चीत बसले. मग म्हणाले, रजिस्टरात आता मुलीचं नाव सापडायला पानं उलटावी लागतात. पहिली मुलगी झाली असेल तर त्या घरात पुढची नोंद मुलाचीच होते. तालुक्याचा साहेब रजिस्टर तपासून सही करून जातो, त्याला काही दिसत नाही. गावाला सगळं ठाऊक आहे. कुठे तपासतात, कुठे नेतात, कुणाची गाडी असते, सगळं.

त्या वर्षीचा देखावा हा होता. आमच्याकडे गौर पाणवठ्यावरून येते, घरातल्या मुली-सुना तिला घेऊन येतात. उंबऱ्यापासून देवापर्यंत रांगोळीची पावलं काढतात, आणि घरची पोरगी तिला आत घेते. आप्पांच्या गावात गौर एकटीच चालत येते. पहिल्या दाराशी थांबते, आतून पुरुषाचा आवाज येतो, पोरगी नाही. दुसऱ्या दारात तेच, तिसऱ्या दारात तेच. सगळा गाव फिरून ती पुन्हा पाणवठ्यावर जाते. बस. एवढंच. ना वीज, ना टापा.

गौरीच्या आवाजाला मी एक नाटकातली बाई बोलावली होती. ती इतकी रडली, की आप्पांनी तिला चहा पाजून परत पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी आपल्या सुनेला घेऊन आले. पंचविशीची मुलगी, माहेर सीमेकडचं, मराठीला कानडी हेल. कडेवर तीन वर्षांची आप्पांची नात. डोक्यावरचा पदर सारखा करत ती माइकसमोर उभी राहिली आणि कुणीतरी शेजारणीला हाक मारावी तसं म्हणाली, "पोरी, दार उघड की. गौर आलीया."

वाक्य झालं की थांबायची खूण म्हणून मी मधली काच ठोठावायचो, तीच विसरलो. कडेवरून खाली ठेवलेली नात दाराच्या वाकळेकडे धावली आणि दार उघडायला बघू लागली, तेव्हा आम्ही सगळेच हसलो. सून सर्वांत जास्त हसली. ती गेल्यावर माझी बायको आतून येऊन म्हणाली, पोरगी पोटुशी आहे, चौथा महिना तरी असेल, एवढे जिने चढवायला नको होते तिला.

साल घालायची वेळ आली, तेव्हा आप्पांनी पेरं मोजलीच नाहीत. ह्याच वर्षीचं घालू म्हणाले. मंडळाचे अध्यक्ष सोबत होते. ते एकदम उभेच राहिले. या सालचं घातलं तर मांडवातून कोण कोण उठून जाईल ठाऊक आहे का, असं त्यांनी विचारलं आणि नावं घ्यायला सुरुवात केली. यादी लांबत चालली, तसा मीच कंटाळून म्हणालो, चाळीस घाला, दोन हजार चाळीस. आप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि कागदावर चाळीस लिहिलं.

मग मिक्सिंगचा दिवस आला. खरं तर त्या कामाला त्यांची गरज नव्हती. ते सकाळच्या पहिल्या एसटीने आले आणि संध्याकाळपर्यंत हलले नाहीत. गौरीचं वाक्य पुन्हा लावा म्हणायचे. लावलं की ऐकायचे, आणि पुन्हा लावा म्हणायचे. दहा-बारा वेळा झाल्यावर मी वैतागलो. आवाज स्वच्छ आहे, आप्पा, आता काय हवंय, असं जरा जोरातच बोललो. त्यांनी हातानेच पुन्हा लावायची खूण केली. दुपारी खाली एसटीडी बूथवर जाऊन कुठेतरी फोन करून आले आणि पुन्हा खुर्चीत बसले. जेवायला या म्हटलं तर भूक नाही म्हणाले. मला वाटलं, कलावंत माणूस, जिवाला लागलंय काम.

गौरी आल्या त्या संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्या गावी गेलो. मांडवापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. गौर तिसऱ्या दारातून मागे फिरली, तेव्हा बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पुरुषही गप होते. स्पर्धेचं बक्षीस तिथेच जाहीर झालं, या वेळी प्रबोधन गटात पहिला नंबर. ढाल द्यायला एक डॉक्टर आले होते. कमानीवर त्यांचंच नाव होतं. त्यांच्या दवाखान्यात कोणतं मशीन आहे आणि ते कशाला वापरतात, हे माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाने मला न विचारता सांगितलं. डॉक्टर भाषणात गहिवरले. दोन हजार चाळीस साली ही वेळ येऊ द्यायची नसेल तर आपण जागं व्हायला हवं, असं म्हणाले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, हात आपोआप वाजतात.

सुनेला शाबासकी द्यावी म्हणून मी आप्पांकडे तिची चौकशी केली. घरात झोपली आहे, अंगात कणकण आहे, एवढंच ते म्हणाले. त्यांचं घर मांडवापासून पन्नास पावलांवर होतं. कर्ण्याचं तोंड त्याच बाजूला होतं.

अनंत चतुर्दशी होऊन गेल्यावर आप्पा स्टुडिओत आले. मी तेव्हा कॉपी करायला कोऱ्या कॅसेटींचे खोके फोडत बसलो होतो. या देखाव्याला आजूबाजूच्या मंडळांकडून मागणी आली होती. आप्पांनी त्या खोक्यांकडे बघितलं आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं.

"मिक्सिंगच्या दिवशी मी हितं बसलोतो न्हवं, त्याच दिवशी न्हेली सुनंला. पोरानं आन् माझ्या बायकूनं. पोरगी हुती."

मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"आदल्या दिवशी. बायकू म्हणाली, एक हाय की पोरगी, तुमी मदी पडू नका. मी म्हणालो, मला उद्या कोल्लापूरला काम हाय."

"आणि सून काय म्हणाली?"

"तिला कोण इचारतंय? सकाळी माझ्या धोतराची घडी आणून दिली तिनं. माझ्याकडं बगत हुती. मी यष्टी चुकंल म्हणून निगालो."

मला राग आला. असा राग, की हा म्हातारा उठून जावा असं वाटलं. दहा वर्षं जगाला गावं दाखवत फिरला, आणि घरात एक शब्द बोलता आला नाही? मी तसं विचारलंही. तुम्ही नुसते दारात आडवे उभे राहिला असता तर?

"व्हय," आप्पा म्हणाले. मग खोक्यांकडे बघत म्हणाले, "साल घातलं तितंच चुकलं बगा. चाळीस म्हणलं की मानसाला वाटतंय, अजून लई टाईम हाय. ऐकणाऱ्याला वाटलं तर वाटलं, मला बी वाटलं. मीच लिवलं आन् मीच फसलो."

जाताना त्यांनी एकच मागितलं. ती कॅसेट दुसऱ्या कुणाला देऊ नका, तिचा आवाज गावोगाव वाजायला नको. मी त्यांना समजावलं. म्हणालो, आप्पा, हे प्रबोधन आहे, चार घरं तरी वाचतील. असं म्हणताना माझा हात त्या खोक्यावरच होता. खरं सांगायचं तर मी आधीच सगळ्यांना हो म्हणून बसलो होतो, आणि धंदा मोडायची माझी तयारी नव्हती. चाळीस हे सालही माझंच होतं, हे मला त्यांच्यादेखत आठवलं, पण मी बोललो नाही. पुढची दोन-तीन वर्षं ती मुलगी कुठल्या कुठल्या गावांत दार उघड म्हणत राहिली. चार घरं वाचली असं कुणी येऊन सांगितलं नाही. बक्षिसं मात्र बरीच मिळाली.

आप्पांनी त्यानंतर काही लिहिलं नाही. मंडळाने दुसऱ्या वर्षी माझ्याकडून राक्षसाचं हसू नेलं. पुढे सीड्या आल्या, मग मंडळांनी आवाजाच्या भिंती आणल्या आणि देखाव्यांचं कामच आटलं. मी स्टुडिओ बंद करून तिथे झेरॉक्स टाकलं. आप्पा निवृत्तीनंतर फार जगले नाहीत. मला उशिरा कळलं. दिवसही होऊन गेले होते, त्यामुळे मी गेलो नाही. कळलं असतं तरी गेलो असतो का, ते सांगता येत नाही.

पण त्याआधी ते एकदा येऊन गेले होते. निवृत्त व्हायच्या थोडं आधी, भर दुपारी. सदऱ्यावर तोच शाईचा डाग. हातात पेढ्यांचा पुडा. मुलाला मुलगा झाला होता.

"सुनंनं दिल्यात," ते म्हणाले. "मला म्हणाली, तितल्या भावजींना पण द्या."

कशी आहे ती, मी विचारलं. बरी आहे म्हणाले. आता सासू तिला उठायच्या आधी चहा देते. घरात मान आहे. नातू गुटगुटीत आहे, आपल्यालाही त्याची माया लागते, हे सांगताना त्यांचा चेहरा खरोखरच उजळला, आणि मग तसाच थांबला.

"नाव मीच घातलं रजिष्टरात," ते म्हणाले. "आकडा लिवला, तारीक लिवली. त्याच्या वर एक वळ मोकळी सोडावी वाटली. तिच्यासाठी. लई येळ पेन धरून बसलो. पण सरकारी रजिष्टर हाय. मोकळी वळ चालत न्हाय."

त्यांनी दोरा सोडला आणि पुडा माझ्यापुढे सरकवला. मी एक पेढा उचलून हातात धरून बसलो. आप्पा वाट बघत होते. शेवटी मी तो खाल्ला.